तलावात पोहायला सोडू का? आधी बाहेर यायची जागा दाखवा

शाहूपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा 15 वर्षांचा, भाचा 11 चा. दोघंही साताऱ्यात तरण तलावावर शिकलेले, मोठा न थांबता 200 मीटर जातो. मे महिन्यात माहेरी जायचंय आणि माहेर कण्हेर धरणाच्या फुगवट्याकाठी. गावातली पोरं दिवसभर पाण्यात असतात, ही दोघंही मागे लागणार. "सोडू का? तलावात, धरणात पोहणं सुरक्षित असतं का? माझे वडील तर म्हणतात, आम्ही काय टँकमध्ये शिकलो होतो?"

ताई, मी 30 वर्षं पोहायला शिकवतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं बुडालेल्यांना शोधायलाही जातोय. या दुसऱ्या कामानं पहिल्या कामाकडे बघायची नजर बदलली. ज्यांना आम्ही बाहेर काढलं त्यातल्या बऱ्याच जणांना पोहता येत होतं. काठावर बसलेली घरची माणसं तेच सांगत असतात, "अहो, त्याला चांगलं पोहायला यायचं." म्हणून पोरगं किती मीटर जातं हे मी आता दुसऱ्या नंबरला विचारतो. पहिलं विचारतो, बाहेर कुठून येणार? बोट करून दाखव. दाखवता आलं नाही तर कपडे काढायचे नाहीत.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मला मान्य आहे, मीही विहिरीतच शिकलो. कमरेला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा, नाहीतर वाळलेला भोपळा, आणि वरून चुलत्यानं दिलेला धक्का. चार दिवस नाकातोंडात पाणी, पाचव्या दिवशी मुटका, म्हणजे अंग आवळून मारलेली उडी. पण त्या विहिरीत काय काय होतं ते आठवायला सांगा त्यांना. कुठूनही दहा हातांवर दगडी बांधकाम, त्यात बोटं रुतवायला खाचा, एका बाजूला पायऱ्या. वर थारोळ्यावर मोठी माणसं बसलेली, आणि मोटेचा दोर हाताशी. पोरगं गटांगळी खाऊन वर आलं की समोर धरायला काहीतरी असायचंच. धरणात यातलं काहीच नसतं. पाणी तेच, पण काठ लांब गेलेला.

आता कण्हेरचं बघू. भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि पाणी सोडायच्या दारांजवळ पोहायला मनाई असते, तसे फलक असतात. ही मनाई निव्वळ सरकारी खाक्या म्हणून सोडून देऊ नका. खालचं दार थोडं जरी उघडं असलं तरी वरून पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. 10 मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो होतो. हाताचा पंजा जरी त्या तोंडाशी चिकटला तरी माणसाच्या ताकदीनं तो सुटत नाही. तिथे पट्टीचा पोहणारा आणि नवशिका सारखेच.

फुगवट्याकडे, म्हणजे तुमच्या गावाच्या बाजूला, प्रकार वेगळा. तिथे लोक धुणं धुतात, म्हशी घालतात, त्यामुळे पाणी घरचं वाटतं. पण पाण्याखाली जुनी शेतं आहेत हे विसरू नका. बांध, ताली, तोडलेल्या झाडांचे बुंधे, एखादी बुजवायची राहिलेली विहीर. कमरेएवढ्या पाण्यातून माणूस चालत असतो, पुढचं पाऊल तालीच्या कडेवरून खाली जातं आणि एकदम डोक्यावर पाणी. ज्यांना पोहता येत नाही ते असेच जातात, आणि त्यांना धरायला गेलेला दुसराही. गेल्या वर्षी जिथे कंबरभर होतं तिथे यंदा तेवढंच असेल असं मुळीच धरू नका, कारण धरणाची पातळी दर आठवड्याला हलते.

मे महिन्याची खास गोष्ट म्हणजे गाळ. पाणी मागे सरकतं तसा काठ उघडा पडतो, त्याला भेगा पडतात, वरून ढेकळासारखं कडक दिसतं. खाली मात्र लोण्यासारखा चिखल. एकदा एका धरणाच्या काठावर मी स्वतः मांडीपर्यंत रुतलो होतो, हातात दुसऱ्याच्या शोधासाठी आणलेला दोर, आणि मलाच तो दोर लागला. पाय उपसायला जावं तर दुसरा पाय आणखी खाली जातो. अशा वेळी मागे टेकायचं, चक्क पाठ टेकून चिखलावर झोपायचं. वजन पसरलं की पाय हळूहळू हलवत मोकळा करता येतो, मग लोळत किंवा सरपटत कडक जागेवर यायचं. कपडे खराब होतात म्हणून लोक हे करत नाहीत, उभ्यानंच झटापट करत बसतात. मुलांना हे घरी गादीवर करून दाखवा, हसतील, पण लक्षात राहील. त्यापेक्षा सोपं म्हणजे पाण्यात उतरायला मुरुमाचा किंवा खडकाचा उतार निवडायचा. जिथून गुरं पाण्यावर जातात ती वाट बहुतेक वेळा टणक असते. म्हशीला रुतलेलं आवडत नाही.

मासेमारीची जाळी ही दुसरी अडचण. बारीक नायलॉनचं उभं जाळं, वर थर्मोकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत असतात. त्या बाटल्यांची रांग दिसली की त्या बाजूला जायचं नाही. पाय अडकलाच तर लाथा झाडू नका, त्यानं जाळं गुंडाळलं जातं. थांबायचं, उताणं तरंगायचं आणि हातानं सोडवायचं.

थंडीबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, कारण साताऱ्याच्या मे महिन्यात थंडी कसली? पण खोल पाणी वर तापतं आणि दोन-तीन मीटर खाली गार राहतं. उन्हात तापलेलं अंग घेऊन सूर मारला की त्या गार थरात छाती धरते, नकळत श्वास आत ओढला जातो, आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर पुढचं सांगायला नको. म्हणून आधी तोंडावर, मानेवर, छातीवर पाणी मारायचं आणि चालत उतरायचं. अनोळखी पाण्यात सूर नाही, मुटका नाही. खाली दगड असला तर मान मोडते, आणि मान मोडलेला माणूस एक फूट पाण्यातही बुडतो.

तसंच पोरांची एक पैज असते, कोण जास्त वेळ बुडी मारून राहतं. त्यासाठी आधी भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची जी तडफड असते ती त्याच्यावरच चालते. त्यामुळे तडफड उशिरा होते आणि ऑक्सिजन आधी संपतो. पोरगं पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध पडतं. पैज जिंकतोय असं वाटून वरचे टाळ्या वाजवत असतात. ही पैज बंदच.

तरण तलावात 200 मीटर जाणारा मुलगा धरणात किती जातो? माझा अनुभव असा, की निम्मं धरा. तळाची निळी पट्टी नसते, भिंतीला पाय लावून दम खाता येत नाही, लाटेनं तोंडात पाणी जातं. शिवाय समोरचा काठ जवळ दिसतो, पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासतं. जाताना वारा पाठीवर असतो म्हणून सुसाट जातात आणि येताना तोच वारा तोंडावर. त्यासाठी माझा नियम साधा आहे. काठाला समांतर पोहायचं, आणि पाय टेकेल एवढं पाणी नेहमी एका बाजूला ठेवायचं. पलीकडचा काठ गाठायचा मोह झाला तर होडीतून जा, भाडं देऊन.

साताऱ्याच्या आसपासची बाकीची ठिकाणं एका दमात सांगतो. कास तलावाचं पाणी सातारकर पितात, तिथे पोहायचा विचारच करू नये. धोम, उरमोडी इथे वरचं सगळं लागू. कोयनेचा शिवसागर म्हणजे 105 टीएमसीचं धरण, बामणोली-तापोळ्याकडे काठ उभे आहेत आणि दोन पावलांत तळ सुटतो, तिथे लाइफ जॅकेट घालून बोटीत बसावं. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरही होडीच. धबधब्याखालच्या डोहात पावसाळ्यात कुणीही नाही. वरून दगड येतात, आणि वर पाऊस वाढला तर पाणी कळायच्या आत चढतं.

ज्यावर मला जास्त बोलायचंय ते तुम्ही विचारलंच नाही. शेततळं.

तुमच्या माहेरी असेल-नसेल. पण सांगली जिल्ह्यात तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडे द्राक्षबागेशेजारी शेततळं नाही असं रान शोधावं लागेल, आणि आता आपल्या जिल्ह्यातही माण-खटावकडे ती झालीत. निळंशार, नितळ पाणी, ना गाळ ना शेवाळाचा वास. पोरांना ते तरण तलावासारखंच दिसतं. पण त्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद असतो, उतार तिरका, आणि ओला झाला की त्यावर बुळबुळीत थर. आत गेलेला माणूस बाहेर येऊच शकत नाही. काठ हातभर अंतरावर दिसतोय, हात टेकतोय, पण घसरतोय. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं तो तसाच ओरबाडत राहतो आणि दमून जातो. मी अशा एका तळ्यावर गेलो होतो. कागदावर नखांचे ओरखडे होते. त्या मुलाला उत्तम पोहता येत होतं. त्यानंतर मी ओळखीच्या प्रत्येक शेतकऱ्याला एकच सांगतो. चारी बाजूंना जाड दोर सोडा, हातभर अंतरावर गाठी मारून, वरचं टोक लोखंडी खुंटीला बांधलेलं आणि खालचं पाण्यात खोलवर गेलेलं. जुनी टायरं दोराला एकाखाली एक बांधून सोडली तर शिडीच होते. चार हवा भरलेल्या ट्यूब पाण्यात तरंगत ठेवा. कुंपण घाला. कागदाच्या खर्चापुढे हा खर्च चहापाण्याएवढा आहे. आणि पाहुण्यांच्या पोरांना शेतात नेलं की आधी तळं दाखवून सांगा, की यात उतरायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

कॅनॉलचं तसंच. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा सिंचन योजना चालू असल्या की कालवा तुडुंब वाहतो, दोन्ही बाजू सिमेंटच्या, तिरक्या आणि शेवाळलेल्या. पाय टेकत नाही, हात धरत नाही, आणि पुढे कुठेतरी रस्त्याखालचा बोगदा किंवा दार. पडलात तर प्रवाहाला छाती देऊ नका, उताणं व्हा, पाय पुढे ठेवा आणि तिरकं काठाकडे सरकत पायऱ्या किंवा पूल शोधा.

नदीत उतरू का, असं सांगलीचे लोक मला विचारतात तेव्हा मी त्यांना आधी मगरी आठवून देतो. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरींचा कायमचा मुक्काम आहे आणि त्यांनी माणसं ओढून नेल्याच्या घटना झाल्यात. फेब्रुवारी-मार्चपासून मादी काठाच्या मातीत अंडी घालते, पावसाच्या तोंडाला पिल्लं येतात, तोवर ती घरट्याची राखण करते. म्हणजे नेमका आपला सुट्टीचा मोसम. संधिप्रकाशात पाण्याकाठी वाकून तोंड धुणारा माणूस तिला भक्ष्यासारखाच दिसतो. गावकऱ्यांनी 'इथे दिसते' म्हटलं की विषय संपला, तिथे धाडस दाखवू नये. दिवडाला मात्र घाबरू नका. तो पाण्यातला साप चावतो, पण विषारी नसतो. त्याला बघून घाबरगुंडीनं जे हातपाय झाडतात त्यानं माणूस बुडतो.

नदीत आणखी दोन गोष्टी. पहिली, वर धरण आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू झालं की 1050 क्युसेक पाणी नदीत येतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 30 हजार लिटर. आकाश निरभ्र असतानाही पाणी चढतं. भोंगा वाजला, पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहून यायला लागला, की बाहेर. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तुमच्यावरचा जोर चौपट होतो, म्हणून 'मगाशी तर इथूनच गेलो' हे गणित चालत नाही. दुसरी गोष्ट बंधारा. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पातळ चादरीसारखं पाणी पडत असतं, दिसायला फार छान, फोटो काढायला गर्दी. त्या चादरीच्या पायाशी पाणी उलटं फिरतं, बंधाऱ्याकडेच परत ओढतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, परत खाली जातो, वर येतो, परत खाली. वाचवायला गेलेलाही त्याच चक्रात फिरतो. पाणी वाहत असलेल्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पोहायचं नाही आणि बरग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांच्या, वरच्या अंगालाही नाही. वाळू उपशाचे खड्डे आहेतच. आणि पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारणाऱ्यांबद्दल मला विचारू नका, पोहणं आणि ते यांचा काही संबंध नाही.

रोगराईचं थोडक्यात सांगतो, कारण माणसं पाण्यानं आजारी पडतात त्यापेक्षा पाण्यात बुडून जास्त लवकर जातात. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदीर-गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शिरतो. पोहून आल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसली तर कुत्र्यालाही त्यात सोडू नका, ते विषारी शैवाळ असू शकतं. मळीचा वास, मेलेले मासे, नाल्याचं तोंड जवळ, तर परत फिरा. सांगलीत शेरी नाला जिथे कृष्णेला मिळतो तिथे उतरायची इच्छा कुणाला होणारही नाही. आणि केरळच्या बातम्यांमुळे सगळे विचारतात तो मेंदू खाणारा अमीबा, नेग्लेरिया फाउलेरी. तो कोमट गोड्या पाण्यात असतो आणि नाकातून आत जातो, पाणी प्यायल्यानं काही होत नाही. झाला तर जवळपास कुणी वाचत नाही, पण होतो अगदी क्वचित. उन्हाळ्यात उथळ, तापलेल्या डबक्यात डोकं बुडवू नये, तळ ढवळू नये, नाकाला क्लिप लावावी. तेवढं पुरे.

आता वाचवण्याबद्दल. हा भाग दोन्ही मुलांना वाचून दाखवा. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, खरा माणूस ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नसतो. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, डोळे काचेसारखे, हात बाजूला पाणी दाबतायत, जणू नसलेली शिडी चढतोय. अर्ध्या-एक मिनिटात खाली. शेजारी पोहणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून काठावरच्या माणसानं मोबाइल बघायचा नाही, डोकी मोजायची.

आणि दिसलाच तर उडी मारायची नाही. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण एकाच घरातले तीन-तीन जण असेच गेलेत. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो, भाऊ असो की बाप. काहीतरी फेका. गावाकडे कासरा असतोच, त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधला की झालं तुमचं बचावाचं साहित्य. कासरा नसेल तर साडी, धोतर, लांब काठी, फांदी. स्वतः आडवं पडून द्या, उभ्यानं दिलंत तर ओढले जाल.

बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका. उलटं धरून हलवणं, गरागरा फिरवणं, पाणी 'काढणं', यात जी मिनिटं जातात ती त्याच्या मेंदूची असतात. चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. श्वास नसेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून आधी पाच श्वास तोंडानं द्या. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते श्वासाअभावी, म्हणून श्वास आधी. मग छातीच्या मध्यावर 30 दाब, दोन श्वास, परत 30. मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. हे चालू असताना दुसऱ्यानं 112 किंवा 108 लावायचा. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, चहा मागितला, तरी दवाखान्यात न्यायचाच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

तर ताई, तुमच्या दोघांचं. माहेरी जायला अजून वेळ आहे. मोठ्याला तरण तलावावर न थांबता 400 मीटर करू दे, आणि दहा मिनिटं हात-पाय न मारता उताणा तरंगू दे. हे दुसरं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, आणि पोरांना ते कंटाळवाणं वाटतं. मग टी-शर्ट, हाफ पँट घालून तेच. एवढं जमलं तर फुगवट्याच्या मुरमाड काठाला, सकाळी 7 ते 9 मध्ये, भडक रंगाची टोपी आणि कमरेला टो फ्लोट (दोरीनं मागे तरंगत येणारी भडक रंगाची हवेची पिशवी) बांधून, काठाला समांतर पोहायला त्याला सोडा. एकटा नाही. दुपारनंतर नाही, कारण वळवाचे ढग कण्हेरवर चढायला अर्धा तास लागत नाही. गडगडाट कानावर आला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यापासून लांब. भाच्याला लाइफ जॅकेट, मांडीभर पाणी, आणि तुमचा किंवा मामाचा हात पोचेल एवढं अंतर. फुगवलेली ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ती वाऱ्यानं जाते आणि पोरगं तिच्यामागे जातं.

वडिलांना काठावर खुर्ची टाकून बसवा. विहिरीवर त्यांच्यासाठी कुणीतरी बसलेलं होतं. हातात कासरा द्या, कॅन बांधलेला, आणि आदल्या संध्याकाळी अंगणात दोन-चार वेळा फेकून बघायला सांगा. पहिल्यांदा फेकला की नेहमी स्वतःच्याच पायात पडतो.